गोळ्यातली हवा

"आमचा घर खंयच्या रंगात पडला?" शेवंताकाकींनी विचारलं.

नकाशा त्यांच्या ओसरीवर पसरला होता. एका बाजूला गोणपाटावर सुपारी वाळत होती, तिच्यातल्या चार सुपाऱ्या उचलून काकींनीच त्याच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्या होत्या. मी बोट टेकवलं. "इथे."

"तांबड्यात?"

"हो."

"आणि बाकीचे घाडी?"

"घाडीवाडीतली सगळी त्रेचाळीस घरं तांबड्यातच आहेत, काकी."

त्यांनी त्या तांबड्या डागावर अंगठा घासून पाहिला. तो पुसला जाणार नव्हता. आमच्या पुण्याच्या ऑफिसातली रंगीत छपाई उत्तम होती आणि मला तिचा तोपर्यंत अभिमानही होता.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, नावामागे नुकतीच डॉक्टरेट लागली होती, आणि हवेचं गणित मला कळतं असा माझा पक्का समज होता. मालवणच्या बाजूला, टेकडीच्या एका अंगाला थिनर बनवणारा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला हे गाव. कारखान्याच्या धुराड्यातून बेन्झिन नावाचा वायू थोडाथोडा बाहेर पडायचा. तो रक्ताच्या कर्करोगाला कारण होतो. गावकऱ्यांनी तक्रार केली, सरकारनं समिती नेमली, आणि समितीनं आमच्या संस्थेला विचारलं की गावाला धोका किती ते काढून द्या. ते काढायचं काम माझं. धुराड्याची उंची, वर्षभराचा तासातासाचा वारा, टेकडीचा चढउतार असं सगळं कॉम्प्युटरमधल्या मॉडेलला द्यायचं. मग ते सांगतं की कुठल्या घरापाशी हवेत किती विष पोचेल. त्यावरून धोक्याचा आकडा निघतो.

"तांबडा म्हणजे काय ता नीट सांगा," काकी म्हणाल्या.

मी सांगितलं, "दहा लाख माणसं आयुष्यभर ही हवा श्वासात घेत राहिली, तर त्यांतल्या साधारण दीडशे जणांना त्या हवेमुळे कर्करोग होईल. शंभराच्या वर गेलं की वस्ती हलवायची, असं समितीनं ठरवलंय."

"दहा लाख माणसा?" काकींनी अंगणाकडे पाहिलं. तिथे एक कोंबडी आणि तिची पिल्लं होती. "आमी वाडीत सगळी मिळान दोनशे."

"म्हणजे दोनशेंत हिशेब केला, तर एक माणूससुद्धा पुरा होत नाही."

"मगे एका पुऱ्या नसलेल्या माणसासाठी त्रेचाळीस घरा उठवतास?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आज एक नाही म्हणून उद्या कुणीच नाही असं नसतं, वगैरे. वर्गात हे छान पटायचं. त्या ओसरीवर माझ्या तोंडून ते अर्धंच निघालं आणि मी पाणी मागितलं.

पाणी देताना काकींनी उरलेलं सांगितलं. मुलगा गोव्यात कामाला. सून दर्शना, सातवा महिना. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वस्ती हलवण्याची नोटीस लागली त्याच दिवशी दर्शनाचा बाप रिक्षा घेऊन आला आणि मुलीला घेऊन गेला.

"इहीणबाय सांगता, हवा सुधारल्याशिवाय चेडवाक धाडूचंय नाय. बाळंतपण झाल्यारसुदिक नाय. तिचा काय चुकला? माझा चेडू आसता तर मीय धाडूचंय नाय होतंय." त्यांना खोकल्याची ढास लागली. ती ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "ह्या घरात पंचवीस वर्सांनी पाळणो बांधूचो होतो, बाय."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. राग स्वतःचाच. कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. माझ्या मॉडेलनं घाडीवाडीचा आकडा दीडशे काढलाच नव्हता. त्यानं काढला होता पाच.

घडलं होतं ते असं. मॉडेल म्हणजे शेवटी अंदाज, म्हणून तो ताडून पाहण्यासाठी गावातली खरी हवा मोजायची असते. त्यासाठी स्टीलचे पोकळ गोळे असतात, पाण्याच्या लहान कळशीएवढे. आतली सगळी हवा काढून टाकलेली. तोंडाची चावी उघडली की गोळा चोवीस तास हळूहळू बाहेरची हवा आत ओढत राहतो. मग तो प्रयोगशाळेत न्यायचा. डिसेंबरात घाडीवाडीत रोज एक असे तीन दिवस तीन गोळे भरले. उत्तर आलं ते मॉडेलच्या तीसपट.

मी आठ दिवस चूक शोधली. धुराड्याची उंची पुन्हा तपासली, वारा पुन्हा तपासला, टेकडी पुन्हा चढवली आणि उतरवली. काही सापडेना. शेवटी आमचे खानविलकर सर म्हणाले, "तुझं मॉडेल अंदाज करतं, यंत्र मोजतं, ते खोटं बोलत नाही. दोघांचं पटलं नाही तर यंत्राचं ऐकायचं. तीसने गुण आणि पुढे चल." मी तीसने गुणलं. हिरवी घाडीवाडी एका क्लिकमध्ये तांबडी झाली. मनात कुरकुर होती, पण पुण्यात बसून यंत्राशी भांडायला माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि उठून इथे यावं हे मला सुचलं नव्हतं. आता आले होते तीही समितीनं पाठवलं म्हणून. आठ दिवसांनी सुनावणी होती, त्याआधी वाडीला नकाशा समजावून द्यायचा होता. शिवाय अहवालासाठी गोळे ठेवलेल्या जागेचा एक फोटो हवा होता.

फोटोसाठी आमचा तंत्रज्ञ सिद्राम बिराजदार बरोबर होता. डिसेंबरात गोळे त्यानंच लावले होते. माणूस अक्कलकोटकडचा, कामाला वाघ, रजिस्टर मोत्यांसारख्या अक्षरात. तो जीप लावून, कॅमेरा गळ्यात अडकवून अंगणात आला तसा काकींचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, ह्यो गोळेवालो मां! बस रे, बस. तुझो गोळो बरो आसा मां?"

सिद्राम हसला, पण नेहमीसारखा नाही.

"तुम्ही ओळखता ह्याला?" मी विचारलं.

"तर! तीन राती तेचो गोळो मीच सांभाळलंय."

"तीन रात्री? म्हणजे गोळा तुमच्या घरी होता? सिद्राम, मग फोटो इथलाच काढ ना. कुठे लावला होतास? ह्या खांबाला?"

सिद्रामनं खांबाकडे पाहिलं, मग माडाकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. "इथं नव्हता मॅडम."

"मग कुठे?"

"वाडीतच. म्हणजे वाडी तिथं होती तवा."

"वाडी तिथे होती म्हणजे? वाडी काय चालत जाते?"

"जाता तर," काकी शांतपणे म्हणाल्या. "गावपळण होती न्हय!"

मी पुण्याची. मला गावपळण हा शब्द माहीत नव्हता. काकींनी मला तो समजावला, मी त्यांना दहा लाख समजावले होते त्यापेक्षा कितीतरी सोपा करून.

"चार वर्सांनी एकदा देवाचो कौल होता. कौल झालो काय गाव रिकामो करूचो. तीन दीस, तीन राती. गावात चूल पेटवची नाय, दिवो लावचो नाय. माणसा, गुरा, कोंबडी, कुत्री, सगळी वेशीभायर. थंय माडाच्या झापांच्यो झोपड्यो बांधतत. शाळासुदिक थंयच भरता. मगे देवान परत कौल दिल्यान काय घराक येवचा."

"आणि हे डिसेंबरात होतं?"

"मार्गेसरात."

मी सिद्रामकडे वळले. त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळायला घेतला होता.

"मी आलतो तर गावात काळं कुत्रं नव्हतं ओ मॅडम. खरंच कुत्रं नव्हतं! सगळ्या घराला कड्या. शाळेला कडी, देवळाला कडी. मला तर भ्याच वाटलं. आता परदेशी यंत्र, रिकाम्या गावात कुणाच्या भरवशावर सोडायचं? शोधत शोधत गेलो तर वड्याच्या पलीकडं सगळी माणसं. मग तिथंच ठेवलो."

"आणि रजिस्टरला घाडीवाडी कसं लिहिलंस?"

"घाडीच होते की ओ सगळे तिथं," तो कळवळून म्हणाला. "ह्या काकी, ते तात्या, सगळेच. माणसं तिथं तर वाडी तिथंच की."

मला हसावं की रडावं कळेना. पण अजून मला सगळं कळलेलं नव्हतं. वेशीबाहेरची हवा वाडीच्या हवेपेक्षा थोडी वेगळी असेल, पण तीसपट? ओढ्यापलीकडे तर कारखाना आणखी लांब पडत होता.

"जागा दाखवा," मी म्हटलं.

काकींनी पायात चपला सरकवल्या आणि पुढे झाल्या. मागून मी, माझ्यामागून सिद्राम. ओढा ओलांडून, काजूच्या बागेतून वीस मिनिटं चाललो. पलीकडे कातळाची मोकळी जागा होती. झोपड्या कधीच मोडल्या होत्या, पण त्यांच्या खुंटांची भोकं दिसत होती. काकी एका जागी थांबल्या.

"हय माझी झोपडी. ह्या हय मेढीक तेना गोळो टांगल्यान."

"तोंडाच्या उंचीवर, नियमाप्रमाणं," सिद्राम घाईनं म्हणाला.

"आणि तीनही दिवस तिथेच टांगलेला होता ना?" मी विचारलं.

"दिवसाचो," काकी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ह्येनाच सांगल्यान, सरकारी वस्तू आसा, जपा. मार्गेसरातला दंव कसा पडता ता तुमका म्हायत नाय. लोखंड गंजतला म्हणान सांज झाली काय मी तो भुतूर घेय होतंय. चुलीकडे ठेय होतंय, ऊबेक. तीन राती. सकाळी ह्यो येवच्या आदी परत मेढीक लाय होतंय."

त्यांनी वाकून दाखवलं. जमिनीवर तीन काळे दगड होते, मधे राख धुऊन गेलेला डाग. त्यांच्या शेजारी एका वितीच्या अंतरावर त्यांनी हात ठेवला. "हय. न्हान पोरासारखो."

मी त्या दगडांपुढे चक्क फतकल मारून बसले. लाकडाच्या धुरात बेन्झिन असतं. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलेलं होतं. गोळ्यानं तीन रात्री काकींच्या चुलीचा धूर पोटभर प्यायला होता आणि प्रयोगशाळेनं तो इमानदारीनं मोजला होता. इतकंच नव्हे. प्रयोगशाळेच्या कागदावर बेन्झिनच्या खालच्या ओळीत टोल्युइनचा आकडा होता. कारखान्याच्या थिनरमध्ये टोल्युइन बेन्झिनच्या कितीतरी पट असायचं. कागदावर ते बेन्झिनहूनही कमी होतं. म्हणजे ही हवा कारखान्याची नाही, हे त्या कागदावर आठ दिवस माझ्या नाकासमोर लिहिलेलं होतं. समितीनं फक्त बेन्झिन विचारलं, म्हणून मी खालची ओळ वाचलीच नव्हती. सिद्रामला बोलायला मला तोंड नव्हतं.

आणि तरीही मला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्रेचाळीस घरं! त्रेचाळीस घरं दंवाला भिऊन तांबडी झाली होती.

"काय झाला? काय चुकला काय माझा?" काकी घाबरल्या.

"काही नाही चुकलं, काकी. तुमचं घर बहुतेक हिरवं आहे."

"बहुतेक?"

"पुन्हा मोजू. मग नक्की सांगते."

परत येताना सिद्राम माझ्या बरोबरीनं चालत हळूच म्हणाला, "मॅडम, रिपोर्टात माझं नाव येणार का ओ?"

"माझं येणार," मी म्हटलं. "तू निदान गावात आला होतास."

गावातून सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"यंत्र खोटं बोलत नाही म्हणालो होतो मी."

"खोटं बोललं नाही सर. त्यानं चूल मोजली."

मग तेही हसले. हसून झाल्यावर सुनावणी पुढे ढकलायला त्यांनी स्वतः समितीला फोन केला, हे मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगते. मला म्हणाले, "पुन्हा मोजा. आणि या खेपेला तू जातीनं गोळ्याशेजारी बस."

मी बसले. तीन दिवस घाडीवाडीच्या शाळेच्या पडवीत, खांबाला गोळा आणि खांबाखाली मी. पोरं मला बघून पाढे चुकायची. वाडीत बातमी पसरली होती, त्यामुळे येणारा जाणारा थांबायचा, गोळ्याकडे बघायचा आणि मला विचारायचा, "पास होतलो मां?" एका म्हाताऱ्यानं तर विडी पेटवायच्या आधी मला विचारून घेतलं आणि मी मान हलवल्यावर ती कानावर ठेवून दिली. दहा दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. मी उभ्याउभ्याच वाचला, दोन्ही ओळी वाचल्या. मॉडेलनं सांगितलं होतं जवळजवळ तेच. धोका पाच, फार तर सहा. मला माझ्या मॉडेलचा पापा घ्यावासा वाटला, पण कॉम्प्युटरचा पापा कुठे घ्यायचा हा प्रश्नच होता. समितीनं नोटीस मागे घेतली. कारखान्यावर नजर ठेवायची, दर वर्षी हवा मोजायची असं ठरलं. त्रेचाळीस घरं जिथल्या तिथं राहिली.

नवा नकाशा घेऊन मी स्वतः घाडीवाडीला गेले. पोस्टानं पाठवता आला असता, पण मला काकींचं तोंड बघायचं होतं. संध्याकाळ व्हायला आली होती. काकी स्वयंपाकघरात होत्या, म्हणून मी आतच गेले. नकाशा त्यांच्यापुढे धरला. घाडीवाडी हिरवीगार.

त्यांनी हात पदराला पुसले आणि नकाशावर तळवा ठेवला. मग देवाला जोडतात तसे हात जोडले. देवाला की मला ते कळलं नाही, मी आपली थोडी बाजूला झाले. माझ्या छातीवरचं महिनाभराचं ओझं उतरलं होतं आणि मला फार मोकळं वाटत होतं.

"बसा, चाय करतंय," म्हणून त्या चुलीशी बसल्या. लाकूड ओलं होतं. त्यांनी फुंकणीनं फुंकलं, धूर भपकन वर आला आणि त्या खोकल्या. मीही खोकले. त्या खोलीला एकच खिडकी होती, तीही हातभर. वरचे वासे डांबर फासल्यासारखे काळे.

खोकून झाल्यावर काकींनी फुंकणी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाय, एक विचारू?"

"विचारा ना."

"पयलो आकडो वाडीचो नाय, ह्या बरा झाला. पण तो खोटो नाय होतो ना? तुमचो गोळो खोटा बोलणा नाय म्हणतास."

"नाही. खोटा नव्हता."

"मगे तो कोणाचो?"

महिनाभर मी त्या आकड्याशी झगडले होते. तो चुकीचा ठरल्याचा आनंद सगळ्या गावाला वाटला होता, मलाही. तो कुणाचा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. खानविलकर सरांनी नाही, समितीनं नाही. मी त्या काळ्या वाशांकडे पाहिलं आणि मला काकींपासून काही लपवणं शक्यच झालं नाही.

"चुलीशी बसणाऱ्या बाईचा, काकी."

"म्हणजे माझो."

"हो. कदाचित जास्तच. गोळा नुसत्या तीन रात्री बसला होता, तेही झापांच्या झोपडीत."

"मी चाळीस वर्सा." त्यांनी मान हलवली. त्यांना धक्का बसल्यासारखं वाटलं नाही. त्यांना ते फार दिवस माहीत होतं आणि आज कुणीतरी आकड्यात सांगितलं इतकंच. "ह्यो खोकलो?"

"धुराचाच असणार. डॉक्टरकडे जायला हवं. आपण उद्याच जाऊ, जीप आहे."

"जाऊया." मग लगेच, "आणि हय बसली तर दर्शनाक? पोटातल्या पोराक?"

"त्यांनाही बाधणार."

काकी उठल्या. तांब्यातलं पाणी त्यांनी सरळ चुलीत ओतलं. चर्र आवाज झाला. मागच्या मातीच्या भिंतीवर त्यांनी तळहातानं दोन ठिकाणी थापटून पाहिलं, एका जागी खडूसारखी नखाची रेघ ओढली आणि मला म्हणाल्या, "हय फोडूक होयी. मोठी खिडकी. उद्या गवंड्याक सांगतंय. तोपर्यंत रांधप मागीलदारी, उघड्यार." चहा राहिलाच. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग त्यांनी फडताळातून मोबाईल काढला, लांब धरून नंबर शोधला आणि लावला. पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला तसा काकींचा स्वर एकदम मोठा झाला, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असा.

"इहीणबाय, शेवंता बोलतंय. दर्शनाक घेऊन येवा. होय, होय, कागद इलो, म्याडम हयच आसत. भायली हवा बरी आसा." त्यांनी भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं. "घरातली मी बघतंय."